पत कोणाची, उधारी कोणाची?

‘पत’ हा शब्द मराठीत एकाच वेळी बाजारात आणि गावात वावरतो. बाजारात पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी. गावात पत म्हणजे अब्रू. पतपेढी, पतपुरवठा, पतसंस्था हे शब्द पहिल्या अर्थाचे, आणि ‘त्याची गावात पत आहे’ हे बोलणे दुसऱ्या अर्थाचे. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके असे धरून चालतात की पहिली पत परतफेडीने कमावता येते. घेतले, वेळेवर फेडले, की पत वाढली. हे खरे असते तर दलितांच्या आर्थिक इतिहासाची बरीच पाने निराळी लिहावी लागली असती. आपल्याकडे दुसरी पत पहिलीच्या वाटेत आडवी उभी राहते. ज्याला अब्रू नाही असे गावाने एकदा ठरवून टाकले, त्याने कितीही चोख व्यवहार केला तरी तो व्यवहार जमेस धरला जात नाही. हे कसे घडत आले याचा शोध मला माझ्या मुलुखापुरता घ्यायचा आहे.

मी लासुर्ण्याचा. बारामतीहून इंदापूरकडे येणाऱ्या रस्त्यावर भवानीनगर आणि बेलवाडी मागे टाकली की आमचे गाव लागते. पुढे जंक्शन, तेथून वालचंदनगरचा फाटा. तुकोबांची पालखी याच रस्त्याने पंढरीला जाते. ज्या सावकाराच्या मुलाने आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते, त्याची ही पालखी. आमच्या शोधाला निमित्त मात्र झाले ते एका फोनचे. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतून घरासाठी काढलेले कर्ज मी एकही हप्ता न चुकवता फेडले होते आणि त्याचा बेबाकी दाखला माझ्यापाशी होता. महिनाअखेर बिल येणारा मोबाइल फोन घ्यावा म्हणून तालुक्याच्या गावी दुकानात अर्ज केला. पगारपत्रक, रेशनकार्ड, बेबाकी दाखला सारे जोडले. माझ्याच शाळेतील एका सहकाऱ्याने त्याच दिवशी अर्ज केला. पगार तोच, पतसंस्था तीच; त्याचे कर्ज तर अजून फिटायचे होते. त्याचे घर गावठाणात, माझे वस्तीत. त्याला आठ दिवसांत फोन मिळाला. मला दुकानदाराने सांगितले, ‘सर, तुमचं वरून रिजेक्ट झालंय. प्रीपेड देतो, आत्ता घेऊन जा.’ कारण विचारले तर कागदावर ‘पत्ता पडताळणी नकारात्मक’ एवढेच. पडताळणीला आलेला पोरगा पुढे एकदा चहाच्या टपरीवर भेटला. तो सरळपणे म्हणाला, ‘वस्तीत आम्ही जात नाही सर. चौकात विचारतो, आणि काय सांगतील ते लिहितो.’ त्या पोराला मी दोष देत नाही. अर्जामागे चार रुपये मिळवणारा तोही एक मजूरच. पण कंपनीची पडताळणी म्हणजे शेवटी गावच्या चौकाची साक्ष, हे त्याने मला नकळत शिकवले.

फोनसाठी एवढे काय, असे कोणी म्हणेल. नोकरी नाही, घर नाही, विहिरीचे पाणी नाही. एक बिलाचा फोन. खरे आहे. आज तर देशातील दहांपैकी नऊपेक्षा अधिक मोबाइल ग्राहक आगाऊ पैसे भरणारेच आहेत आणि बिलाच्या फोनचे अप्रूप उरलेले नाही. परंतु बारीकसारीक नकारांतच व्यवस्थेचा स्वभाव उघडा पडतो, कारण तेथे ती सावध नसते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या आणि बडोदा संस्थानात अधिकारपदावर रुजू झालेल्या भीमराव आंबेडकरांना त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. भाडे देण्याची त्यांची ऐपत नव्हती असे कोणी म्हटले नव्हते. ऐपतीचा प्रश्न तेथपर्यंत येतच नाही.

त्या दुकानातून परतताना ‘प्रीपेड’ हा शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. आधी पैसे, मग सेवा. ही अट ज्याच्यावर विश्वास नाही त्याला घालतात. आता हीच अट गावगाड्याला लावून पाहा. बलुत्याची पद्धत नेमकी काय होती? महाराने वर्षभर गावाची कामे करायची: चावडीवर हजर राहायचे, सरकारी अंमलदाराचे सामान वाहायचे, सीमेचा तंटा निघाला तर शिवेवर उभे राहून साक्ष द्यायची, मेलेली जनावरे ओढायची, लाकडे फोडायची. आणि मोबदला? सुगी झाल्यावर, खळ्यावर, कुणब्याच्या मर्जीने पेंढ्या. म्हणजे बारा महिने सेवा उधार आणि वसुली वर्षअखेर, तीही हिशेबाच्या वहीशिवाय. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर महार, मांग, चांभार हे गावाचे धनको होते आणि गाव त्यांचा ऋणको. बिल मागाहून घेण्याचा व्यवहार आमच्या वाडवडिलांनी शतकानुशतके चालवला. दुष्काळ पडला, पीक बुडाले, तर ते बिलही बुडाले. त्याबद्दल कोणी जप्ती आणली नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथापासून बलुत्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बलुते हा गावाचा खर्च, गावावरचा भार, असा एक सूर त्या चर्चेत नेहमी असतो. गाव वर्षभर कोणाच्या उधारीवर चालत होते हा प्रश्न त्या चर्चेत सहसा कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. गावचा सारा गोळा झाला की ती रक्कम तालुक्याच्या खजिन्यात पोचवताना सोबत महार असे. रात्रीबेरात्री परगावी निरोप न्यायचा तो त्यानेच. कोणाच्या घरी मयत झाले तर सोयऱ्यांच्या गावी अनवाणी धावत जायचे ते त्यानेच. थोडक्यात, गावाचा टपालवाला आणि टेलिफोन तोच होता. त्याच्या हाती सरकारचा पैसा सुरक्षित मानला जाई, त्याच्या तोंडचा निरोप खरा मानला जाई आणि सीमेच्या वादात त्याचा शब्द पुरावा ठरे. विश्वासाला तो पात्र नव्हता असे नाही. विश्वास हवा तेव्हा वापरून घ्यायचा, पण त्याच्या नावावर जमा करायचा नाही, अशी ती रीत होती.

आता पतीच्या लेखी इतिहासाकडे वळू. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला १८७५ चे दख्खनचे दंगे माहीत असतात. त्यांची सुरुवात आमच्या शेजारच्या बारामती तालुक्यातील, तेव्हाच्या भीमथडीतील, सुपे या गावी १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी झाली. कुणब्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे गाठली, गहाणखते व रोखे हिसकावून घेतले आणि जाळले. लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा १८८० नंतरच्या त्याच काळातला. या साऱ्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण महारवाड्यातून या घटनेकडे पाहिले तर एक साधी गोष्ट दिसते: रोखा जाळायचा तर आधी रोखा लिहून घेतला गेला पाहिजे, आणि रोखा लिहिण्यासाठी गहाण ठेवण्याजोगे काही पाहिजे. रयतवारीत कुणब्याच्या जमिनीला बाजारात किंमत आली म्हणून सावकार त्याच्या दारी आला. ते कर्ज त्याच्या गळ्याचा फास झाले हे खरे. पण फास लागण्याइतकी तरी पत त्याला होती.

महाराच्या जमिनीचे काय? दंग्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ साली, मुंबई सरकारने वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला. वतनी जमीन त्याच वतनातल्या वतनदाराखेरीज दुसऱ्या कोणाकडे, सरकारच्या मंजुरीशिवाय, वतनदाराच्या हयातीपलीकडे गहाण टाकता येणार नाही की विकता येणार नाही, असे त्यात होते. हेतू वतन शाबूत राहावे हा, म्हणजे सरकारला स्वस्तात नोकर मिळत राहावेत हा. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मधून महार वतनावर जे लिहिले आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे जे विधेयक आणले, ते याच दुखण्यावर बोट ठेवणारे होते: चोवीस तास बांधलेली चाकरी, तुटपुंजा मोबदला आणि मालकी असून नसल्यासारखी जमीन. विधेयक संमत झाले नाही. वतनातून सुटका व्हायला स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षे जावी लागली. १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला आणि साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत मिळू लागल्या. मिळाल्या त्या मात्र नवीन शर्तीने. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून आणि सरकारकडे नजराणा भरल्यावाचून हस्तांतर नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद. ही शर्त जमीन दलितांच्या हातून निसटू नये म्हणून आहे, असे तिचे समर्थन करतात, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या आसपास वतनी जमिनींचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. परंतु या नोंदीचा दुसरा उपयोग बँकेच्या टेबलावर होतो.

तेथे जाण्याआधी कालव्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या भागात पतीला पाणी फुटले ते कालव्यामुळे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. उसाला भांडवल लागते; खत, बेणे, गुऱ्हाळ. ते सावकाराच्या व्याजाने परवडेना, म्हणून मुंबईतील सहकारी चळवळीच्या धुरीणांचे लक्ष नीरेच्या ऊसकऱ्यांकडे आरंभीच गेले. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था निघाल्या. ग्रामीण संस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे एकाने बुडवले तर सर्वांनी भरायचे. संस्थेत कोणाला घ्यायचे हे मग सभासदच ठरवणार, हे ओघाने आले. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या कर्जाला सामायिक जामीन राहायला कोण तयार होईल? गावाची दुसरी पत अशा रीतीने पहिल्या पतीची दाराशी बसलेली राखणदार झाली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने पुरेशा कारणाशिवाय कोणाला सभासदत्व नाकारता येणार नाही असे स्पष्ट म्हटले. पण सभासद झाले तरी पीककर्ज एकराच्या हिशेबाने, आणि एकर कोणाकडे? अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणीचा १९५४ चा अहवाल सांगतो की खेड्यातील एकूण कर्जापैकी सहकाराचा वाटा अवघा ३.१ टक्के होता आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या घरात. त्या ३.१ टक्क्यांत भूमिहीनाचा हिस्सा काय असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे साखर कारखाने झाले आणि सोसायटीचे कर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापून घेण्याची सोय झाली. बागायतदाराची ‘चोख परतफेड’ म्हणतात ती पुष्कळ अंशी ही कपात आहे. त्याच्या नीतिमत्तेशी तिचा संबंध बेताचाच. शिवाय नैसर्गिक आपत्ती, निवडणुका आणि कर्जमाफी हे चक्र आहेच. २००८ साली केंद्राची माफी झाली, २०१७ साली राज्याची, आणि २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या माफीला तर महात्मा फुल्यांचेच नाव. माफीला माझा विरोध नाही. कर्ज थकले तरी त्या माणसाची पत जात नाही, नवीन हंगामाला तो पुन्हा पात्र होतो, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे. कर्जच न मिळालेल्या शेतमजुराला माफ करण्याजोगे काही नसते.

त्याच कारखान्याच्या फडात दुसरे एक कर्ज चालते. बीड, अहिल्यानगर या बाजूंनी येणाऱ्या तोडणी मजुरांना मुकादम हंगामाआधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याला उचल. येथे पगारपत्रक लागत नाही, सातबारा लागत नाही, चौकातली पडताळणी तर नाहीच नाही. दलित, वंजारी, भटका, कोणीही असो, पैसे हातावर पडतात. कारण तारण म्हणून माणसाचे अंग असते. फिटेपर्यंत तो हलू शकत नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला तरी उचलीचा हिशेब कित्येक घरांत एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जातो. म्हणजे आपल्या माणसांना कर्ज मिळतच नाही ही गोष्ट खरी नाही. जे बांधून घालते ते तात्काळ मिळते. जे हातपाय मोकळे करील त्याला मात्र जामीन, दाखले आणि पत्ता लागतो.

किराणा दुकानातल्या उधारीचेही असेच होते. आमच्या घरी माझी आई आठवड्याचा बाजार उधार आणी आणि शनिवारी मजुरी झाली की फेडी. दुकानदाराच्या लाल वहीत आमचे पान कधी थकले नव्हते. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावी आपल्या लोकांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, तेव्हा बहिष्काराचे पहिले पाऊल म्हणून ठिकठिकाणी काय बंद झाले हे जुन्या माणसांना विचारा. मजुरी, गिरणी आणि दुकानातली उधारी. वहीतली वर्षानुवर्षांची परतफेड एका रात्रीत निरर्थक झाली, कारण ती उधारी परतफेडीवर मिळत नव्हतीच; ती नमते घेण्याबद्दल मिळत होती.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा माझ्या पिढीला खरोखर आशा वाटली होती. १९७२ साली चार टक्के व्याजाची विभेदक व्याजदराची योजना आली, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी चाळीस टक्के हिस्सा ठरला; १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत थोडा भाग महामंडळाचा, नाममात्र अर्जदाराचा आणि मोठा भाग बँकेचा. प्रकरण महामंडळाकडून शिफारस होऊन बँकेत जाते आणि तेथे अडते. अडण्याची कारणे ऐकून ऐकून पाठ झाली आहेत: ‘कोटा संपला’, ‘तुमच्या गावाची वसुली नाही’, ‘दोन नोकरदार जामीन आणा’, आणि वतनाची जमीन असेल तर ‘वर्ग २ आहे, तारण होत नाही’. हे शेवटचे कारण तर कायद्यालाच धरून नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ३६ च्या पोटकलम ४ प्रमाणे वर्ग २ चा भोगवटादार सरकार, सहकारी संस्था किंवा बँक यांच्याकडे कर्जासाठी आपली जमीन गहाण ठेवू शकतो. कायदा १९६६ चा. साठ वर्षे होत आली, तरी सातबाऱ्यावरचा तो आकडा पाहून फाइल बाजूला सरकवणारे अधिकारी मी स्वतः पाहिले आहेत.

आता संगणक आला आहे. २००० साली पतविषयक माहिती गोळा करणारी ‘सिबिल’ ही पहिली कंपनी निघाली, २००५ साली अशा कंपन्यांसाठी कायदा झाला. तीनशेपासून नऊशेपर्यंत गुण. यंत्राला जात कळत नाही असे आमचे तरुण उत्साहाने सांगतात, आणि चौकातल्या साक्षीपेक्षा गुण बरा हे मलाही मान्य आहे. पण त्या यंत्राला काय कळते तेही पाहिले पाहिजे. बँकेचे कर्ज कळते, क्रेडिट कार्ड कळते. दुकानातली लाल वही, भाडे, हातउसने, चोख फेडलेली उचल यांतले त्याला काही कळत नाही. ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही त्याच्या अहवालावर ‘एन. एच.’ अशी अक्षरे येतात. नो हिस्टरी, इतिहास नाही. ज्यांच्या उधारीवर गाव चालले त्यांना यंत्र हे सांगते. आणि यंत्राच्या पुढे माणूस आहेच. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत खाजगी कंपन्यांकडे सारख्या पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाला बोलावणे कमी आले. नोकरीला जे आडनाव करते ते फोनला, कर्जाला पत्ता करतो. ‘नगर’, ‘वस्ती’, ‘वाडा’ हे शब्द पुरतात.

अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते. निग्रो वस्त्या लाल. त्या रंगाच्या आत राहणाऱ्याला कर्ज देणे धोक्याचे मानले जाई. तेथे चळवळीच्या रेट्याने १९७४ साली समान पतसंधीचा कायदा झाला, १९७६ साली त्यात वर्ण घातला गेला आणि नाकारलेल्या अर्जदाराला कारण मिळण्याचा हक्कही. आमच्याकडे कायदा नाही असे मात्र नव्हे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे सहावे कलम सांगते की इतरांना ज्या वेळी, ज्या जागी आणि ज्या अटींवर माल किंवा सेवा दिली जाते, त्याच वेळी, जागी आणि अटींवर ती अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणे गुन्हा आहे. ‘त्याच अटींवर’ हे शब्द महत्त्वाचे. एकाला बिल महिनाअखेर आणि दुसऱ्याला पैसे आधी, हा अटींचाच फरक आहे. बारावे कलम तर पुराव्याचा भारही आरोपीवर टाकते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती विचारली गेली, तेव्हा बाबासाहेबांनी तो शब्द व्यापक अर्थाने योजल्याचे आणि सेवा देऊ करणारा कोणीही त्यात येतो असे स्पष्ट केले होते. फोनची कंपनी त्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते, पण ती त्या अर्थाबाहेर राहात नाही.

२००६ च्या पतमाहितीविषयक विनियमांत आणखी एक तरतूद आहे, जी आपल्या कार्यकर्त्यांना फारशी माहीत नाही. पतमाहितीच्या अहवालावरून कर्ज किंवा इतर सेवा नाकारली तर तीस दिवसांच्या आत लेखी कारण, अहवालाची प्रत आणि तो देणाऱ्या कंपनीचे नाव-पत्ता अर्जदाराला कळवावा लागतो. दूरध्वनी कंपन्याही अशी माहिती वापरणाऱ्यांत मोडतात. शिवाय आपला पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवण्याचा हक्क २०१७ पासून प्रत्येकाला आहे.

गेली काही वर्षे आमच्या वस्तीतली मुले बँकेत जाताना कलम ३६ (४) ची छापील प्रत आणि आपला पत अहवाल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेतात. गेल्या वर्षी दोघे गेले, दोघांच्याही जमिनी वर्ग २ च्या. एकाला दोन म्हशींसाठी कर्ज हवे होते. अधिकाऱ्याने कलम वाचले, वरच्या कार्यालयाला विचारतो म्हणाला, आणि चार महिन्यांनी प्रकरण मंजूर झाले, वर दोन नोकरदार जामीन घेऊनच. दुसऱ्याला विहिरीवर मोटार बसवायची होती. त्याला तोंडी नकार मिळाला. त्याने नकाराचे कारण लेखी मागितले आहे. अर्जाची पोच त्याच्याकडे आहे, कारण अद्याप आलेले नाही.